निवडीचा अधिकारही मुलांकडे असावा

महोदय,

स्थानिक चित्रकाराच्या प्रदर्शनाची जबाबदारी संग्रहालयाने कुमारवयीन मुलामुलींवर सोपवावी, या कल्पनेचे मी मनापासून स्वागत करते. मात्र त्यांच्या वाट्याला केवळ उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना दालन दाखवण्याचे काम येणार असेल, तर त्या प्रदर्शनाला मुलांचे प्रदर्शन म्हणू नये.

प्रदर्शनाचा गाभा निवडीत असतो. आयुष्यभराच्या कामातून दालनात मावतील तेवढीच चित्रे घ्यायची आणि उरलेली का वगळली, हे सहकाऱ्यांना, प्रसंगी खुद्द चित्रकारालाही सांगायचे, हे संग्रहालयाच्या अनुभवी अभिरक्षकालाही (क्युरेटरलाही) अवघड जाते. पंधरा वर्षांच्या मुलीने गाजलेले तैलचित्र बाजूला ठेवून एखादी जुनी रेखाटनवही काचपेटीत मांडायचे ठरवले आणि त्यामागची कारणे नीट मांडली, तर तिचा निर्णय वडीलधाऱ्यांनी बदलू नये.

जतनाचे नियम अर्थातच पाळावे लागतील. जलरंगातील चित्रांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशमानाचे एकक) अधिक प्रकाश पडू नये, कारण प्रकाशाने एकदा फिका पडलेला रंग पूर्ववत होत नाही. उसनवार आणलेल्या प्रत्येक चित्राची स्थिती ते ताब्यात घेताना आणि परत करताना नोंदवावी लागते. हे सारे मुलांना शिकवता येते, आणि मंद प्रकाशाच्या मर्यादेत मांडणी करताना त्यांची कल्पकता उलट अधिकच कसाला लागेल. माहितीफलक त्यांनीच लिहावेत. तपशिलाच्या चुका जरूर दुरुस्त कराव्यात, पण भाषा त्यांचीच राहू द्यावी आणि खाली त्यांची नावे असावीत.

चित्रकार हयात असेल आणि जवळच राहत असेल, तर त्याहून मोठी संधी नाही. एखादे चित्र अपुरे का सोडले, कोणते पुन्हा रंगवले, हे मुले त्याला थेट विचारू शकतील. त्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण संग्रहालयाच्या दप्तरी राहिले, तर पुढच्या अभ्यासकांसाठी तो मोलाचा दस्तऐवज ठरेल. (चित्रकाराच्या लेखी संमतीनेच, हे ओघाने आलेच.)

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा मुलांचा हक्क मानला आहे, आणि आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये स्वीकारलेल्या संग्रहालयाच्या व्याख्येतही समाजाच्या सहभागाचा उल्लेख आहे. म्हणून संग्रहालयांना माझी विनंती आहे की, कोणते निर्णय मुलांचे असतील हे त्यांनी आरंभीच लेखी जाहीर करावे आणि परीक्षांचा काळ टाळून मुलांना या कामासाठी निदान काही महिने द्यावेत.

आपली,
एक वाचक