डोलकाठीवरचे काळे आकार तांडेलांना शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मुंबईहून मांडव्याला प्रवासी बोटीने येत असताना वाटेत गाळ काढणारे एक जहाज काम करीत होते. त्याच्या डोलकाठीवर गोळा, पत्त्यांतल्यासारखी चौकट, गोळा असे तीन काळे आकार एकाखाली एक टांगलेले होते. शिवाय एका बाजूला दोन गोळे आणि दुसऱ्या बाजूला तशाच दोन चौकटी होत्या. आमची बोट नेमकी गोळ्यांच्या बाजूने, अगदी जवळून गेली. बोट चालवणाऱ्या तांडेलाला विचारले तेव्हा ‘ती त्यांची काहीतरी खूण असते’ एवढेच उत्तर मिळाले. उमेदीची वर्षे जहाजांवर काढलेल्या मला त्या उत्तराने फार अस्वस्थ केले.

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम १९७७ पासून अमलात आहेत. रात्री जे दिवे सांगतात, ते दिवसा हे आकार सांगतात. एक गोळा म्हणजे जहाज नांगरलेले आहे, दोन म्हणजे ते ताब्यात राहिलेले नाही, तीन म्हणजे त्याचा तळ जमिनीला टेकला आहे. दोन गोळ्यांच्या मधे चौकट आली की हातातल्या कामामुळे ते जहाज इतरांना वाट देऊ शकत नाही. गाळ काढणाऱ्या जहाजावर बाजूचे दोन गोळे ‘इकडे अडथळा आहे’ असे बजावतात आणि दोन चौकटी ‘इकडून जा’ असे सांगतात. आमच्या बोटीने ही सूचना नेमकी उलटी पाळली.

मच्छीमारांसाठी तर हा विषय हक्काचा आहे. टोकाला टोक लावलेले दोन शंकू, म्हणजे डमरूसारखा आकार, वर चढला की ती नौका मासेमारीत गुंतलेली आहे असे ठरते आणि यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने तिच्या वाटेतून दूर राहायचे असते. जाळे १५० मीटरपेक्षा लांब पसरले असेल, तर त्या दिशेला टोक वर केलेला आणखी एक शंकू लावायचा असतो. मात्र हे आकार नौकेचा प्रकार सांगत नाहीत, त्या घटकेला चाललेले काम सांगतात. त्यामुळे बंदराकडे परतताना ते उतरवलेच पाहिजेत. नांगर उचलून निघालेल्या जहाजावर गोळा तसाच लटकत राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. न लावलेल्या खुणेपेक्षा ही खोटी खूण मला अधिक घातक वाटते, कारण पाहणारा तिच्यावर विसंबून आपला मार्ग ठरवतो.

माझी संबंधित खात्यांना विनंती आहे की भाऊचा धक्का, मांडवा, रेवस अशा ठिकाणी हे आकार मराठी अर्थासह रंगवलेले मोठे फलक लावावेत आणि तांडेलांची परीक्षा घेताना आकार प्रत्यक्ष दोरीवर चढवून त्यांचा अर्थ विचारावा. मच्छीमार सहकारी संस्थांनीही यात पुढाकार घ्यावा. गोळ्याचा व्यास किमान ०.६ मीटर लागतो, पण २० मीटरपेक्षा लहान नौकेला तिच्या मानाने लहान आकार चालतात. आणि पत्र्याच्या दोन गोल चकत्या एकमेकींत काटकोनात अडकवून काळ्या रंगवल्या की दुरून गोळाच दिसतो. हे काम बंदरावरचा कोणताही पत्रेवाला करून देईल.

आपला,
एक निवृत्त दर्यावर्दी, अलिबाग