पाटीवर नाव नसलेल्यांचे आभार

तात्पुरतं प्रदर्शन दोन-तीन महिन्यांत उतरतं. ते उभं करणाऱ्यांची नावं मात्र एकाही पाटीवर नसतात, म्हणून हे जाहीर आभार.

आधी, घरच्या ट्रंकेतली पत्रं, फोटो, कपडे विश्वासाने देणाऱ्यांचे. मग त्या प्रत्येक वस्तूवरचा डाग, घडी, फाटका कोपरा फोटोसह नोंदवून दोन्हीकडच्या सह्या घेणाऱ्यांचे. काम कंटाळवाणं, पण ‘हा ओरखडा आधी होता का?’ हा वाद त्यामुळेच टळतो.

लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन काचेच्या कपाटाकपाटाशी थांबणाऱ्यांचे खास आभार. कागद, कापड, जलरंग यांना साधारण 50 लक्सच्या वर उजेड नको. उडालेला रंग परत येत नाही. ‘इथे फार अंधार आहे हो’ ही तक्रारही त्यांनीच हसत ऐकली.

नवी कपाटं रंगवल्यावर काही आठवडे उघडीच ठेवा, असा हट्ट धरणारे बरोबरच होते. ताज्या रंगातून, प्लायवूडमधून निघणारी आम्लाची वाफ काचेआड कोंडली की शिशाच्या वस्तूंवर पांढरी भुकटी धरते.

फोटो आणि धातूसाठी नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे, जुन्या कागदाला मात्र धुऊन कोरडे केलेले उघडे हात, हे दर नव्या मदतनिसाला न कंटाळता सांगणाऱ्यांचेही आभार. सुती मोज्यात पानाची कड बोटांना कळत नाही, आणि पान तिथेच फाटतं.

शेवटच्या संध्याकाळी थांबून प्रत्येक वस्तू आम्लरहित कागदात गुंडाळून, नोंदीशी ताडून, आपापल्या क्रमांकाच्या खोक्यात घालणाऱ्यांनो, चहा राहिलाय तुमचा.