लिफाफ्यावरची तिकिटं आणि शांघायचा कारकून

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

शांघायच्या त्या लिफाफ्याचे फोटो नीट मोठे करून पाहिले. एका साध्या पत्राला एवढी तिकिटं कशाला, आणि बहुतेकांवर जुनी किंमत खोडून नवी का छापली आहे, असं तू विचारलंयस. सांगतो, पण मध्ये एका टपाल-कारकुनालाही आणणार आहे.

आधी तारीख. शिक्का नुसत्या चिनी अक्षरांत असला की त्यातलं वर्ष चिनी प्रजासत्ताकाचं असतं. 1912 हे पहिलं वर्ष, म्हणून शिक्क्यातल्या आकड्यात 1911 मिळवायचे. तुझ्याकडे 38 आहे, म्हणजे 1949. मधल्या उभ्या लाल चौकटीत पत्र घेणाऱ्याचं नाव, उजवीकडे त्याचा पत्ता, डावीकडे पाठवणाऱ्याचा. वाचायचं वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे.

आता टपालहशील. जपानशी युद्ध होण्याआधी साध्या देशांतर्गत पत्राला 5 फेन, म्हणजे युआनचा विसावा भाग, पुरे. ऑक्टोबर 1945 मध्ये त्याच पत्राला 20 युआन झाले. पुढे नोव्हेंबर 1946 ला 100, जुलै 1947 ला 500, डिसेंबरात 2,000, एप्रिल 1948 ला 5,000 आणि जुलैत 15,000. ऑगस्टात सरकारने 'सुवर्ण युआन' काढला, जुने 30 लाख युआन म्हणजे नवा एक. तुझ्यातला हिशेबनीस करून बघेलच: 15,000 ला 30 लाखांनी भाग, येतो अर्धा फेन. हशील जिथल्या तिथे राहिलं, फक्त शून्यं गेली. पण नोटा छापणं काही थांबलं नाही. पुढल्या वसंतापर्यंत टपाल खात्याला 50 लाख युआनचं तिकीट काढावं लागलं.

काउंटरवर याचा अर्थ काय होतो बघ. तिकीट छापायला टाकायचं, सुकवायचं, छिद्रं पाडायची, गठ्ठे बांधून प्रांतोप्रांती धाडायचे. ते पोचेपर्यंत त्यावरची किंमत कागदाच्या किमतीलाही पुरत नाही. मग गोदामातले जुने ताव काढायचे आणि स्थानिक छापखान्यात खिळे (छपाईचे अक्षर-ठसे) जुळवून त्यांवर नवी किंमत ठोकायची. घाईत ताव उलटा जातो, कधी ठसा दोनदा बसतो, कधी एखादा खिळा निसटून शून्य गायब होतं. अशा चुकांना संग्राहक आज भरपूर मोजतात. छापखान्यातल्या माणसाला मात्र त्या दिवशी बोलणीच बसली असणार. आणि तेही पुरलं नाही की लिफाफ्याच्या पाठीवर तावाचे तुकडेच्या तुकडे चिकटवायचे. 1949 च्या मे महिन्यात शेवटी किंमतच नसलेली तिकिटं निघाली. साधं पत्र, रजिस्टर, एक्सप्रेस आणि हवाई, असे चार प्रकार, विक्री त्या दिवशीच्या दराने. उपाय झकास, पण आज घेऊन ठेवलेलं तिकीट उद्याही चालतं, म्हणजे नोटेपेक्षा तिकीट साठवणं शहाणपणाचं! तुझ्या लिफाफ्यावर आकडा नसलेलं एखादं आहे का बघ.

एवढ्या गोंधळातही काउंटर उघडा राहत होता. माझ्या मते त्याला देशभक्तीपेक्षा खात्याची चाकोरी जास्त कारणीभूत होती. हे खातं 1896 मध्ये बादशाही हुकमाने उभं राहिलं ते सागरी जकात खात्याच्या पोटात, रॉबर्ट हार्ट या आयरिश माणसाच्या हाताखाली. 1911 मध्ये ते वेगळं झालं तेव्हाही वर फ्रेंच पिरी बसला. वरच्या जागा परक्यांच्या, कामकाज इंग्रजीत, हा अपमान होताच. पण त्याच पद्धतीतून प्रवेशपरीक्षा आली, जामीनदार आला, ठरलेली पगारश्रेणी आणि प्रांताबाहेर बदली आली. कुणा सरदाराचा भाचा थेट पोस्टमास्तर होणं कठीण झालं. लोक म्हणत, जकात खातं सोन्याचं भातपात्र (म्हणजे पोटापाण्याची नोकरी), बँक चांदीचं आणि पोस्ट लोखंडाचं. लोखंडाचं म्हणजे कमी किमतीचं, पण पडलं तरी फुटणार नाही असं.

ही चाकोरी कधीकधी हास्यास्पदही होई. 1912 मध्ये राजवट कोसळत असताना पिरीने तिकिटांवर 'तात्पुरते तटस्थ' असं छापायला लावलं. क्रांतिकारकांनी आक्षेप घेतला, तेव्हा त्याच तिकिटांवर आडवं 'चिनी प्रजासत्ताक' आलं. दोन्ही मिळून वाचलं तर अर्थ होतो: चिनी प्रजासत्ताक, तात्पुरते तटस्थ! क्रांतीचे नेते सुन यत्-सेन संतापले यात नवल नाही.

आता माणूस. झू श्वेफान, जन्म 1905. 1924 मध्ये तो शांघाय टपाल खात्यात लागला. सूचौ खाडीवर, सिचुआन रोडच्या पुलाशी मनोऱ्याची भव्य मुख्य कचेरी उभी राहिली तीही त्याच वर्षी. तू कधी गेलास तर आत पोस्टाचं संग्रहालय आहे. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1925 मध्ये, शांघायच्या टपाल कामगारांनी संप करून संघटना मिळवली आणि झूचं आयुष्य त्या वाटेला लागलं. त्या काळच्या शांघायात कामगार पुढाऱ्याला पाठबळ लागे, म्हणून तो हरित टोळी या गुन्हेगारी टोळीच्या डू युएशेंगचा शिष्यही झाला. त्याची चरित्रं हा भाग भरभर उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्याशिवाय झू टिकला कसा हे कळत नाही.

मे 1932 चा संप मात्र सगळ्यांत बोलका. पगारवाढ ही मुख्य मागणी नव्हतीच. टपालाची बचत व मनीऑर्डरची शाखा वेगळी तोडून तिचं स्वतंत्र संचालनालय केलं होतं, ते परत खात्यात आणा. टपालाच्या पैशातून विमान कंपन्यांना अनुदान देणं थांबवा. वशिल्याच्या नेमणुका बंद करा. कारकून आणि पोस्टमन आपल्या परीक्षेसाठी, आपल्या हिशेबवहीसाठी रस्त्यावर उतरले होते.

त्याच उन्हाळ्यात मांचुरियाचा पेच आला. जपानने तिथे 'मांचुकुओ' उभं केलं, तेव्हा नानकिंगच्या चिनी सरकारने जुलै 1932 मध्ये तिथल्या टपाल कचेऱ्या बंद करून माणसं माघारी बोलावली. त्या राज्याची तिकिटं लावलेली पत्रं चीनमध्ये नॉटपेड धरली जात, दंड भरायचा पत्र घेणाऱ्याने. पण घरची पत्रं अडून राहिली की लोक सरकारला शिव्या देतात. अडीच वर्षांनी, जानेवारी 1935 मध्ये, तोडगा निघाला तो निव्वळ कारकुनी डोक्याचा. सीमेवर शानहायग्वानला एक खासगी दिसणारी एजन्सी बसवली, थैल्या तिच्यामार्फत बदलायच्या. मांचुरियातून चीनकडे येणाऱ्या पत्रांसाठी वेगळी तिकिटं छापली, ज्यांवर देशाचं नावच नाही. शिक्क्यावर मांचुकुओचं राजवर्ष नाही, फक्त इसवी सन. मान्यता दिली नाही आणि पत्रंही पोचली. मुत्सद्द्यांना हे सुचलं नसतं असं मी म्हणणार नाही, पण तपशील पोस्टातल्याच कुणीतरी लिहिला असणार, पैज लाव.

युद्धात, 1937 नंतर, तीच सवय मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडली. टपाल संचालनालय चुंगकिंगला, युद्धकाळातल्या राजधानीला गेलं, पण व्यापलेल्या भागातल्या कर्मचाऱ्यांनी जागा सोडायच्या नाहीत अशी भूमिका राहिली, आणि थैल्या आघाडी ओलांडून येत-जात राहिल्या. 1941 मध्ये उत्तर चीनमध्ये जपानी अंमलाखाली त्याच तिकिटांवर प्रांतांची नावं ठोकली गेली. असे प्रांतांचे ठसे आधीही होतेच: शिनच्यांगचा 1915 चा, युन्नानचा 1926 चा. कारण मात्र वेगळं. त्या प्रांतांचं चलन स्वस्त होतं. तिथे तिकिटं घेऊन शांघायला विकायची, की फरक खिशात. म्हणून 'फक्त याच प्रांतात वापरा' असा ठसा.

कम्युनिस्टांच्या प्रदेशात मात्र वेगळीच टपालव्यवस्था. जपानी चौक्यांनी राखलेले रेल्वेमार्ग रात्री पायी ओलांडणारे हरकारे, ठाण्यावरून ठाण्यावर जाणारं ओझं. आपले सोलापूरचे डॉ. कोटणीस त्याच भागात होते आणि डिसेंबर 1942 मध्ये तिथेच वारले. चिनी टपाल खात्याने 1982 मध्ये त्यांच्यावर तिकिटं काढली, ती तुझ्याकडे असायला हवीत.

झू तोवर मोठा झाला होता. कामगार महासंघाचा नेता, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदांना जाणारा. 1946 मध्ये त्याचं क्वोमिंतांगशी, म्हणजे कम्युनिस्टांशी लढणाऱ्या सत्ताधारी पक्षाशी, फाटलं. हाँगकाँगला पळाला, तिथे नोव्हेंबरात मोटारीची धडक बसून जखमी झाला. तो घातपात होता असंच मानलं जातं. 1948 मध्ये तो हार्बिनला, कम्युनिस्टांच्या बाजूला पोचला. त्याच शांघाय पोस्टातला त्याचा सहकारी लू चिंगशी, तोही डू युएशेंगचाच शिष्य, उलट दिशेला गेला आणि तैवानला स्थायिक झाला. एकाच इमारतीतले दोन कारकून.

ती इमारत मे 1949 मध्ये क्वोमिंतांगच्या सैनिकांनी खाडीवर गोळीबार करण्यासाठी धरली होती. शहर मोडू नये म्हणून कम्युनिस्टांनी तोफा वापरल्या नाहीत. ताबा 27 तारखेपर्यंत मिळाला. तुझं पत्र त्याच्या जेमतेम आधीचं आहे, हे ध्यानात ठेव.

1 नोव्हेंबर 1949 रोजी नवं टपाल व तार मंत्रालय सुरू झालं, मंत्री झू श्वेफान. पंचवीस वर्षांपूर्वी कारकून म्हणून लागलेला माणूस खात्याच्या माथ्यावर. जुने कर्मचारी बहुसंख्येने जागेवरच ठेवले. 1950 पासून वर्तमानपत्रांचा खपही टपालाकडे आला. वर्गणी पोस्टात भरायची, अंक पोस्टमन आणून देणार. छापखान्याला मागणीचा आकडा आधी कळतो, हा फायदा. तोटा असा की आधीच भरलेल्या थैलीत रोज कागदाचं वजन वाढतं.

माओच्या सांस्कृतिक क्रांतीत झू बाजूला पडला. नोव्हेंबर 1968 चं 'सारा देश लाल' हे तिकीट तुला माहीतच आहे. नकाशात तैवान पांढरं राहिलं म्हणून ते निघाल्या दिवशीच परत घेतलं. मंत्रालयच मोडून टपाल दळणवळण खात्याकडे दिलं गेलं, ते 1973 मध्ये परत आलं. झू नंतर संसदेच्या स्थायी समितीचा उपाध्यक्ष झाला आणि जानेवारी 1996 मध्ये नव्वदीत वारला.

आता लिफाफा. तिकिटं पाण्यात सोडवू नकोस, संपूर्ण लिफाफाच मोलाचा आहे. चिकटपट्टी मुळीच नको, प्लास्टिकच्या पिशवीतही नको, आम्लविरहित कागदात ठेव. मागच्या बाजूला बटवड्याच्या कचेरीचा शिक्का असेल तर त्याचाही फोटो काढ. दोन्ही तारखांमधले दिवस मोजून मला कळव.

तुझाच,
अण्णा