रिकव्हरी या शब्दाबद्दल, पक्याला

प्रिय पक्या,

तुझं पत्र वाचलं आणि त्या रिंगटोनपाशी थांबलोच. काका आजारी असताना रात्रीबेरात्री हॉस्पिटलमधून फोन यायचे ती रिंग, मग वर्षभर काहीच त्रास नाही, आणि परवा बसमध्ये शेजारच्याच्या मोबाईलवर तीच वाजली न तुझे हात गार पडले. 'मी अजून तिथेच आहे' असं लिहिलंयस, ते मला अजिबात पटलेलं नाही.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलोव्हचा कुत्रा आठवतो ना, अभिजात अभिसंधान, म्हणजे क्लासिकल कंडिशनिंग? सगळे घंटा घंटा करतात, पण त्याच्या लॅबमध्ये मेट्रोनोमही असायचा, एका तालात टकटक करणारं यंत्र. टकटक, मग खाणं, असं बरेचदा झालं की नुसत्या टकटकीनं तोंडाला पाणी (इथे लिस्बनला पण हेच म्हणतात, आग्वा ना बोका, तोंडात पाणी). मग टकटक चालू पण खाणं बंद, की लाळ कमी होत होत थांबते. याला इंग्रजीत एक्स्टिंक्शन, पोर्तुगीजमध्ये एश्तिंसांव, आपल्याकडे विलोपन. आमच्या लायब्ररीच्या जिन्यात आग विझवायचं लाल नळकांडं लटकतंय त्याला एश्तिंतोर म्हणतात, म्हणजे बघ, विझलं, संपलं. पण संपत नाही रे! कुत्र्याला थोडा वेळ नुसतं राहू दिलं आणि परत टकटक ऐकवली तर लाळ परत येते, मधे खाणं एकदाही दिलेलं नसताना. पाव्हलोव्हनं स्वतः पाहिलंय हे. राखेखाली निखारा असतो तसं, जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवीन शिकणं बसतं.

आणि या परत येण्याला नाव काय, तर स्पॉन्टेनियस रिकव्हरी, इथे रेकुपेरासांव एश्पोंतानेया. तू पेशंटची रिकव्हरी म्हणतोस तोच शब्द! पण इथे सावरते ती जुनी प्रतिक्रिया, माणूस नाही. बसमध्ये जे झालं ते पुस्तकात छापलेलं आहे, तुझं काही चुकलेलं नाही.

अजून एक. अशा शिकलेल्या प्रतिक्रियेसाठी पाव्हलोव्हचा मूळ रशियन शब्द उस्लोवनी, म्हणजे सशर्त, अटीवरचं. अँरेपनं १९२७ मध्ये केलेल्या त्याच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरात कंडिशन्ड आहे, पोर्तुगीजमध्येही कोंदिसिओनादु, एसीला लावतात तोच. त्यानं वाटतं माणूस साच्यात ओतून घट्ट झाला. मला सशर्तच बरोबर वाटतो. तुझी धडधड त्या रिंगच्या अटीवर आहे, तू म्हणजे ती धडधड नाहीस.

काकूंना नमस्कार सांग. रविवारी तुझ्या रात्री नऊला फोन करतो, आधी मेसेज टाकेन, मग रिंग देईन.

तुझाच,
मन्या