विसरत नसाल, तरीही नाव नोंदवा

सभासदहो, सप्रेम नमस्कार.

स्मृतिभ्रंशाच्या जनुकीय अभ्यासासाठी संघाने नावं मागवली होती. आली ती बहुतेक अशा घरांतून, जिथे कुणीतरी ओळखीच्या वाटा चुकू लागलंय. बाकीच्यांचं उत्तर ठरलेलं, "मला कुठे काय झालंय?" अहो, म्हणूनच तर तुम्ही हवे आहात! एकाच वयाचे दोघे, एकाला आजार, दुसरा ठणठणीत. त्यांची जनुकं शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळायचा कसा? ऐंशीतही रमीत कुणी कुठलं पान टाकलं ते न विसरणारे आपले गडी या अभ्यासाला सोन्यासारखे आहेत.

स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. त्याच्या जनुकांवरचं बहुतेक संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालंय. ते आपल्याला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. 19व्या गुणसूत्रावरच्या एपीओई जनुकाचंच घ्या. त्याचा ई4 प्रकार आई-वडील दोघांकडून आला की धोका बराच वाढतो. पण 1997 साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर हा परिणाम गोऱ्यांपेक्षा जपानी लोकांत दुपटीहून जास्त निघाला. मग आपलं काय? भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, तेव्हा प्रश्न लहान नाही.

तपासणी म्हणजे थोडं रक्त आणि बरेच प्रश्न. ऐकलेले शब्द थोड्या वेळाने आठवून सांगायचे, वार उलटे म्हणायचे. (मी शनिवारवरून थेट गुरुवारावर गेलो. हसू नका, करून बघा.) सोबत तुम्हाला रोज पाहणारं कुणीतरी हवं, सून, मुलगा, शेजारीण, त्यांनाही विचारतात.

कुजबुज आहे ती नातीच्या लग्नाची, घरात असं जनुक आहे हे कळलं तर स्थळं फिरतील म्हणून. नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो, आणि कुणाचाही निकाल घरी कळवणार नाहीत. शिवाय ई4 असूनही कित्येक जण शेवटपर्यंत शाबूत राहतात. संमतिपत्र नीट वाचा, मगच सही करा. मधेच माघार घेतली तरी चालते. तपासणीचा खर्च तुमच्यावर नाही.

संघाला मदत हवी ती वेगळी. गुडघ्यांमुळे अडलेल्यांच्या रिक्षाभाड्यासाठी जमेल ते द्या, पावती मिळेल. गाडी असेल तर शनिवारची सकाळ द्या. चष्मा लावूनही वाचता येत नाही त्यांना संमतिपत्र वाचून दाखवायला दोन तरुण पाहिजेत, घाई न करणारे. नोंदवही ग्रंथालयाच्या टेबलावर आहे, रोज संध्याकाळी 5 ते 7.

आपला,
कार्यवाह, ज्येष्ठ नागरिक संघ