वानगी

सावदा

चि. माईस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला भरताचा लेख वाचला. संकेतस्थळवाल्यांना विकायला ठेवलेले तुझे तीन लेख महिनाभर तसेच पडून आहेत आणि सगळ्यात कच्चा होता तोच विकला गेला, म्हणून तू रागावली आहेस. विकल्या गेलेल्या लेखाचा सारांशही तू पाठवला होतास, तो मी शेजारी ठेवून वाचला. लेख कच्चा, पण सारांशाच्या तीन ओळी पक्क्या आहेत. भरताच्या लेखाचं नेमकं उलटं झालंय.

भरताच्या सारांशात तू लिहिलंस, 'या लेखात खान्देशातील समृद्ध खाद्यसंस्कृतीचा रंजक आढावा घेतला आहे.' अगं, लेखात आहे हे कुणाला सांगायला हवं? आणि रंजक आहे की नाही ते घेणारा ठरवील. 'खाद्यसंस्कृती' म्हटल्यावर शेवभाजी आली, कळण्याची भाकरी आली, मांडे आले. तुझा लेख तर एकट्या भरताचा आहे. तो शब्दच ओळीत नाही, मग भरीत शोधणाऱ्याला तो सापडणार कसा?

फ्रूटसेल सोसायटीत मी कारकुनी करायचो, तेव्हा केळीच्या वॅगनी दिल्लीला जायच्या. व्यापाऱ्याला तार करायची तर शब्दाला पैसे पडायचे. (तार २०१३ मध्ये बंदच झाली, तुम्हाला ते ठाऊक नसणार.) मी नवा होतो, हौसेनं 'माल उत्तम' लिहायचो. तिकडून उलट तार यायची : घडाचं वजन किती, फण्या किती, करप्याचे डाग आहेत का, किती दिवस टिकेल. केळी गोड आहे का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. तो कुठे खाणार होता! कच्चा माल घेऊन वखारीत पिकवून त्याला पुढे विकायचा होता.

तुझं गिऱ्हाईक तसंच आहे, माई. संकेतस्थळ चालवणारा माणूस लेख वाचून आनंदी व्हायला येत नाही, त्याला तो आपल्या वाचकांपुढे मांडायचा असतो. पैसे भरेपर्यंत त्याला फक्त मथळा, शब्दसंख्या, किंमत आणि तुझ्या त्या ओळी दिसतात, असं तूच सांगितलंस. म्हणून 'भरताचं गुपित शेवटी कळेल' असली हुलकावणी त्याच्यापुढे चालत नाही. वाचक थांबेल, व्यापारी पुढच्या गाळ्यावर जाईल. लेख कुणासाठी आहे, त्यात नेमकं काय आहे आणि दुसऱ्यांच्या भरतापेक्षा वेगळं काय, एवढं त्याला हवं.

मी एक सारांश लिहून पाहिला :

'चंपाषष्ठीचं खान्देशी भरीत, लाल तिखटाचा कणही न घालता. हिरवट-पांढरी भरताची वांगी कशी ओळखावीत, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) नसतील तर गॅसवर कशी भाजावीत, लाकडी बडगी नसेल तर कशात ठेचावं. शहरात पहिल्यांदाच भरीत करणाऱ्यांसाठी पाककृती, सोबत बामणोदच्या शेतातली एक आठवण.'

शब्दसंख्या घातली नाही, ती शेजारी दिसतेच. भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही घालणार होतो, पण ते लेखातच शोभतं. मिरच्या किती, कांद्याची पात किती, हेही सांगितलं नाही. वानगी मुठीनं द्यायची, पोतं ओतायचं नाही. चंपाषष्ठी मात्र मुद्दाम पहिल्याच शब्दात आणली. सणाचा मजकूर ही मंडळी आधीच घेऊन ठेवत असतील, आणि तो दर वर्षी पुन्हा चालतो. शिवाय गूगलच्या यादीत इंग्रजी मजकूर साधारण १५०-१६० अक्षरांवर तुटतो, असं तू म्हणालीस. लेख घेणाऱ्यानं हीच ओळ तिथे वापरली, तर तुटण्याआधी भरीत आणि खान्देश दोन्ही येऊन गेलेले बरे.

लेखाचा पहिला परिच्छेद उचलून सारांशात चिकटवू नकोस. दुसऱ्या लेखाला तू तेच केलंस. 'हिवाळा सुरू झाला की...' ही सुरुवात लेखात छान वाटते, पण सारांशात वांगं येईपर्यंत हिवाळा संपतो. सारांश लेख पुरा झाल्यावर, एक दिवस जाऊ देऊन लिही. आणि शुद्धलेखन तपास. तीन ओळीत 'पाककृति' एकदा दिसलं, तर आतल्या सातशे शब्दांचा भरवसा कोण धरील?

एक मात्र सांभाळ. मी एकदा वरचे भरदार घड पाहून तार केली, तळातला माल हलका निघाला. व्यापाऱ्यानं पैसे कापले, ते सोसलं. पण पुढे वर्षभर माझी तार आली की तो आधी दुसऱ्या कुणाला तरी विचारायचा. आठवण बामणोदची म्हटली आहे, तर ती लेखात दोन ओळींची नको. सध्या दोनच आहेत. वाढव, नाहीतर सारांशातून काढ.

तुझ्या आईला लेख वाचून दाखवला. सगळं ऐकून म्हणाली, 'तिले सांगा, टोचे मारल्याबिगर वांगं भाजू नको, फुटते.' खरंच, ते तू लिहिलंच नाहीस. आधी ते घाल, मग सारांश बदल.

बडगी माळ्यावरून काढून धुऊन ठेवली आहे. चंपाषष्ठीला येतेस की नाही ते कळव, त्या बेतानं वांगी सांगून ठेवतो.

तुझे,
आप्पा