उन्हाळी शिबिरात बातमी शिकवायला माणूस हवा आहे

सस्नेह नमस्कार,

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत आम्ही मुलांचं मोफत वाचनालय चालवतो. मे महिन्यात सकाळी ८ ते ११ असं १२ दिवसांचं शिबिर असतं. चित्रकला, मातीकाम, खेळ असतातच, पण मुलं वाट पाहतात ती वृत्तपत्राची. पाचवी ते नववीची २४ मुलं बातम्या आणतात, लिहितात, पानं लावतात आणि शेवटच्या दिवशी चार पानी अंक घरोघर वाटतात. त्यांना शिकवणारे काका आयुष्यभर एका दैनिकाच्या डेस्कवर होते. यंदा ते मुलीकडे परगावी राहायला गेले आहेत, म्हणून हे आवाहन.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलाने पहिल्याच दिवशी बातमी आणली, ‘वस्तीत पाणी येत नाही.’ काकांनी कागद परत दिला. “अजिबात येत नाही? मग आज आंघोळ कशी केलीस? कधी येतं, किती वेळ येतं, कोणी पाहिलं?” दुसऱ्या दिवशी पहाटे पोरगा वही-पेन्सिल घेऊन नळावर हजर! तीन दिवस त्याने वेळा टिपल्या. ५.४० ला सुरू, ६.२५ ला बंद. रांगेतले हंडेसुद्धा मोजले. छापलेला मथळा होता, ‘पाणी पाऊण तास, हंडे तेहतीस’. त्याच्या आईने ते पान कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय.

त्याच अंकात एका आजींनी १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगितल्या होत्या. आजींचं आडनाव चुकीचं छापलं गेलं. मुलाखत घेणारी मुलगी आधी रडली, मग उरलेल्या सगळ्या प्रतींवर तिने पेनाने दुरुस्ती केली आणि आजींना नवी प्रत नेऊन दिली. अशा वेळी मुलांच्या शेजारी बसायला जाणतं माणूस लागतं.

वार्ताहर, उपसंपादक, मुद्रितशोधक, कोणीही या. निवृत्त असा नाहीतर नोकरीत. पत्रकारितेचे विद्यार्थी मदतीला आले तर आनंदच आहे. कोण, काय, कधी, कुठे, का, कसं हे सहा ककार मुलांच्या अंगवळणी पाडायचे आणि मुलांची भाषा मुलांचीच ठेवायची, एवढी अपेक्षा. बातमी स्वतः सुंदर करून देणारं माणूस आम्हाला नको, याबद्दल आम्ही ठाम आहोत. मानधन देता येणार नाही; जाण्यायेण्याचा खर्च देऊ, सकाळचे पोहे मुलांसोबत.

एक सकाळ आम्ही मुलांना चालत केसरीवाड्यात नेतो. १८८१ साली ‘केसरी’ पुण्यातून निघाला, हे मुलांना ठाऊक असतं. त्याच्या आधी, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी याच शहरातून शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी ‘दीनबंधु’ काढला, हे मात्र सांगावं लागतं. ते सांगणारं कोणी त्या दिवशी सोबत आलं तर फार बरं होईल.

५०० प्रतींच्या छपाईला ९ हजार रुपये लागतील. शिवाय ए-थ्री कागदाची चार रिमं, स्केचपेनं आणि मराठी टाइप करता येईल असे दोन चालू स्थितीतले जुने लॅपटॉप हवे आहेत. वस्तू थेट आणून द्या, रोख दिलीत तर पावती मिळेल.

वाचनालय रोज संध्याकाळी ५ ते ८ उघडं असतं. एप्रिल संपायच्या आत एकदा येऊन भेटा आणि जाताना वहीत पत्ता लिहून ठेवा. अंक छापून आला की मुलं तुमची प्रत घरी आणून देतील.